दावणीपासून जोतापर्यंत : प्रस्तावना

रत्नागिरी जिल्ह्यात शेताचा आकार डोंगराने ठरवून दिलेला आहे. सह्याद्रीचा कडा आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत सपाट जमीन थोडी. बाकी सगळे जांभ्याचे सडे, वरकस उतार आणि वहाळाच्या कडेने पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारी भाताची खाचरं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत कोसळतो. जानेवारी सरला की गवत वाळतं, विहिरी खोल जातात. अशा जमिनीवर भात पिकवायचा तर अरुंद बांधावरून चालत जाईल, गुडघाभर चिखलात पाय रोवेल, आखूड तासाच्या टोकाला लगेच वळेल आणि उन्हाळ्यात पेंढ्यावर तग धरेल असं जनावर लागतं. कोकणातल्या शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या ते सांभाळलं, निवडलं आणि शिकवलं. या पुस्तकाचा विषय त्यातलं शेवटचं क्रियापद आहे, पण पहिल्या दोघांना सोडून त्याच्याकडे पाहता येत नाही.

जनावरं पाळण्यावर मराठीत पुस्तकं आहेत. त्यांत चारा, आजार, जाती, कर्ज, अनुदान यांची माहिती मिळते. जनावराला वळण लावण्यावर मात्र फार थोडं लिहिलं गेलं. ते शिक्षण गोठ्यात, शेतात, सड्यावर गुरं राखताना मिळत होतं, त्यामुळे कागदावर उतरवण्याची गरज कोणाला वाटली नाही. आता ती गरज आहे. लहान शेतावर पाळणं आणि शिकवणं ही दोन कामं नाहीत, असं मी ठामपणे मानतो. जनावर रोज, दर तासाला शिकत असतं. वैरण कोण घालतं, कोणत्या वेळी घालतं, दावं सोडताना हात कसा लागतो, ओरडा केव्हा होतो, या सगळ्यातून ते धडे घेतं. आपण ठरवून शिकवलं नाही तर ते आपल्या अव्यवस्थेतून शिकतं, आणि मग त्याला लोक मारकं, आडमुठं, लाथाळ म्हणतात. म्हणून वळणाची सुरुवात पाळणाऱ्याच्या दिनक्रमापासून होते.

नवख्या वाचकाला या क्षेत्राचा नकाशा डोळ्यांसमोर यावा म्हणून लहान कोकणी शेताचं कुटुंब आधी सांगतो. जोताचे दोन बैल किंवा रेडे, एखादी दुभती गाय किंवा म्हैस, तिचं वासरू, चार-सहा शेळ्या, डझनभर कोंबड्या, राखणीला कुत्रा आणि उंदरांसाठी मांजर. ही जनावरं एकमेकांपासून सुटी नसतात. भाताचा पेंढा उडवीत रचला जातो आणि उन्हाळाभर गुरांच्या गव्हाणीत येतो. झाडांचं कवळ तोडून गोठ्यात अंथरलं की शेण-मुताने भिजून त्याचं खत होतं. वाळलेलं शेण, कवळ आणि पातेरा पसरून भाजावळ करायची, त्या राबावर रोप पेरायचं आणि रोप चिखळणी केलेल्या खाचरात लावायचं, हा भातशेतीचा जुना क्रम. त्याच्या प्रत्येक टप्प्यावर गोठा आहे. देशावर बैलांचा सण पोळ्याला. कोकणात दिवाळीच्या पाडव्याला गुरांना ओवाळतात, कारण तेव्हा भात घरात येत असतो आणि त्या भाताचे श्रम कोणाचे हे घराला माहीत असतं.

आता प्रत्यक्ष शिकवण्याकडे येतो. बैलाचं शिक्षण जोत बांधायच्या दिवशी सुरू होत नाही. ते पाडा आईला पीत असतानाच सुरू होतं. लहानपणी ज्याच्या अंगावरून रोज हात फिरला, ज्याचे पाय, कान, तोंड माणसाने हाताळले, तो पाडा पुढे गोचीड काढताना, औषध पाजताना, जू चढवताना बिथरत नाही. त्यानंतर दाव्याची ओळख होते. ओढलं की गळ्याला ताण येतो, पाऊल पुढे टाकलं की ताण सुटतो, हा पहिला धडा. ताण वेळेवर सोडणं हेच इथलं बक्षीस असतं आणि ते देण्याची वेळ चुकली तर धडा उलटा बसतो. मग योग्य वयात वेसण. वेसण हे जनावराला दुखवण्याचं साधन झालं की त्याचा उपयोग संपतो. कसलेला जोत्या वेसणीला हिसका न देता बोटांच्या हलक्या इशाऱ्यावर बैल वळवतो. खच्चीकरणासाठी पूर्वी पाडा बडवत असत. त्या वेदनादायक पद्धतीऐवजी आता पशुवैद्याकडून बर्डिझो चिमटा वापरून हे काम करून घेता येतं, आणि तसंच ते व्हायला हवं.

दोन दाती होईपर्यंत पाड्याला जड काम देऊ नये, असं जाणते लोक सांगतात. त्याआधी मोकळ्या माळावर नुसतं जू मानेवर ठेवून चालवायचं, मग हलकं लाकूड ओढायला द्यायचं, मग कोरड्या जमिनीत नांगर आणि शेवटी चिखल. सगळ्यांत मोठा शिक्षक असतो तो शेजारचा अनुभवी बैल. नवा पाडा त्याच्या जोडीला बांधला की माणसाच्या हाकेचा अर्थ त्याला त्या जोडीदाराच्या पावलांतून कळतो. एकदा डाव्या बाजूला शिकलेला बैल सहसा डाव्याच बाजूला जुंपायचा, कारण वळताना आतल्या आणि बाहेरच्या बैलाचं काम वेगळं असतं. उखळ (पहिली नांगरट), बेर (दुसरी नांगरट), चिखळणी आणि फळी फिरवणं या प्रत्येक कामाची चाल वेगळी आणि हाकही वेगळी. हाका वाडीवाडीला बदलतात, पण नियम एकच: एका कामाला एकच हाक, आणि ती सगळ्या घराने सारखी द्यायची. पाड्याचं पहिलं सत्र तो दमण्याआधी थांबवायचं. चांगलं चाललेलं असताना जू उतरवलं, तर दुसऱ्या दिवशी तो जुवाकडे येतो. धापा टाकेपर्यंत राबवलं तर जू पाहूनच मागे सरतो.

दुभत्या जनावराचं शिक्षण अधिक नाजूक आहे. कास भरलेली असली तरी दूध हाती येण्यासाठी पान्हा सुटावा लागतो. वासराचा स्पर्श, कास धुताना लागणारं कोमट पाणी, अंबोणाच्या भांड्याचा आवाज यांनी मेंदूतून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक रक्तात येतं आणि काही मिनिटं टिकतं. त्या मिनिटांत धार पुरी करावी लागते. भीती वाटली, अनोळखी माणूस आला, मार पडला, तर पान्हा अडतो. दापोली तालुक्यातल्या पालगडच्या साने गुरुजींनी ‘श्यामची आई’मध्ये आपल्या आईच्या हातालाच धार देणाऱ्या मोरी गाईची आठवण लिहिली आहे. शरीरशास्त्राने ज्याचं कारण पुढे सांगितलं, ते कोकणातल्या घराघराला असं माहीत होतं. म्हणूनच घरातल्या दोन माणसांच्या हाताची सवय गाईला सुरुवातीपासून लावावी, हा साधा वाटणारा सल्ला पुस्तकात वारंवार येतो. एकाच माणसाला धार देणारी गाय त्या माणसाच्या आजारपणात कासदाहाला बळी पडू शकते.

शेळ्या, कोंबड्या आणि कुत्रा यांना शिकवता येतं यावर पुष्कळांचा विश्वास नसतो. शेळ्यांच्या कळपात पुढे चालणारी एखादी शेळी असते; ती हाकेला आली की बाकीच्या येतात, म्हणून पहिली मेहनत तिच्यावर घ्यायची. कोकणातल्या पावसात शेळीचे खूर ओले राहणं धोक्याचं असतं, तेव्हा फळ्यांच्या उंच माळ्यावर चढायची सवय करडांना कोवळेपणीच लावावी लागते. नव्या कोंबड्या आणल्यावर काही दिवस खुराड्यातच ठेवल्या, तिथेच दाणे दिले, की ती जागा त्यांच्या मनात पक्की होते आणि मग मोकळ्या सोडल्या तरी तिन्हीसांजेला त्या आपोआप परततात. बिबट्या, मुंगूस आणि रानमांजर असलेल्या प्रदेशात या एका सवयीवर अख्खं कुक्कुटपालन टिकतं. कुत्र्याच्या बाबतीत वय निर्णायक आहे. अमेरिकेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या दीर्घ अभ्यासातून दिसलं, की साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू ज्यांच्या सहवासात वाढतं त्यांना ते आपलं मानतं. शेळ्या राखायच्या असतील तर पिल्लू त्या काळात शेळ्यांजवळ असायला हवं. मोठं झाल्यावर त्याला साखळीने बांधून ते साधत नाही.

हे ज्ञान आजचं नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात गोऽध्यक्षाच्या कामांचं प्रकरण आहे. त्यात नर गुरांचे वर्ग करताना वासरं आणि ओढीचे बैल यांच्या मधोमध ‘दम्य’, म्हणजे शिकवण्याजोगी झालेली जनावरं, असा स्वतंत्र वर्ग आहे. शिक्षणाचा काळ हा जनावराच्या आयुष्यातला वेगळा टप्पा आहे, हे तेव्हाच्या प्रशासनालाही मोजणीत धरावंसं वाटलं. ब्रिटिश काळात १८८० साली रत्नागिरी आणि सावंतवाडीचं गॅझेटियर निघालं, १८८६ मध्ये मुंबईत परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ मध्ये जंगल खात्याने चराई बंद केल्यामुळे शेतकऱ्यांच्या गुरांचे हाल कसे झाले ते मांडलं. गुरांच्या अवस्थेचं मूळ धोरणात शोधणारं ते मराठीतलं फार महत्त्वाचं लेखन आहे. १९२८ च्या शाही कृषी आयोगाने देशभरच्या पशुधनाचा आढावा घेतला. तेव्हापासून सरकारी चर्चेचा भर जात सुधारणं आणि उत्पादन वाढवणं यांवर राहिला.

स्वातंत्र्यानंतर ही दिशा पक्की झाली. मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरुळी कांचनला बाएफ ही संस्था स्थापन केली आणि कृत्रिम रेतनाने संकरित गाय गावोगावी नेली. १९७० पासून ‘दूध महापूर’ योजनेने दुधाची बाजारपेठ बांधली. देशावर आणि पश्चिम महाराष्ट्रात त्याचा लाभ उघड दिसला. कोकणात चित्र वेगळं राहिलं. जर्सी किंवा होल्स्टीन रक्ताच्या गाईला भरपूर हिरवा चारा, पेंड आणि कोरडा हवेशीर गोठा लागतो. इथे दमट हवा, गोचीड आणि वर्षातले सहा महिने पेंढा. ज्यांना ही व्यवस्था जमली त्यांनी दूधधंदा उभा केला, बाकीच्यांच्या गोठ्यात ती गाय टिकली नाही. १९७२ साली दापोलीत कोकण कृषी विद्यापीठ स्थापन झालं आणि इथल्याच जनावरांकडे अभ्यासाची नजर वळली. चेहऱ्यावर पांढरे पट्टे मिरवणारी कोकण कन्याळ शेळी राष्ट्रीय नोंदीत आली. २०१८ मध्ये कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने ‘कोकण कपिला’ ही गोवंशाची जात नोंदवली. ज्याला आपण नुसतं गावठी म्हणत होतो, त्या ठेंगण्या, काटक, थोडं दूध देणाऱ्या पण डोंगरउतारावर खंबीर असलेल्या जनावराला त्या दिवशी नाव मिळालं.

या विषयात आज चार विचारधारा स्पष्ट दिसतात. पहिली राखणीची परंपरा. तिच्यात शेतकरी कुटुंबं येतात, तसेच सह्याद्रीच्या उतारांवर म्हशी घेऊन राहणारे गवळी धनगरही येतात. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी १९८० च्या सुमारास त्यांच्या जीवनपद्धतीचा परिसरशास्त्रीय अभ्यास केला. या परंपरेची ताकद निरीक्षणात आहे. तिची उणीव अशी की तिच्यात मायेच्या शेजारीच मार आणि टोचणीही नांदत आली. दुसरी उत्पादनाची धारा: पशुवैद्यक, खाद्य, पैदास. तिने लसी दिल्या, आजार आटोक्यात आणले. जनावराच्या मनाला मात्र तिच्या हिशेबात जागा थोडी.

तिसरी वर्तनशास्त्राची. पाव्हलोव्हने संकेत आणि प्रतिसाद यांची सांगड दाखवली, स्किनरने १९३८ च्या ग्रंथात परिणामानुसार वागणूक कशी घडते ते मांडलं, आणि टेम्पल ग्रँडिन यांनी गुरांच्या नजरेतून गोठा पाहायला शिकवलं. गुराला जवळजवळ चहूबाजूंनी दिसतं, नेमकं पाठीमागचं दिसत नाही. त्याच्याभोवती एक अंतर असतं, त्याच्या आत माणूस शिरला की ते पुढे सरतं. खांद्याच्या मागे उभं राहिलं तर पुढे जातं, खांद्याच्या पुढे गेलं तर थांबतं. हे समजलं की काठीचं काम उभं राहण्याच्या जागेने होतं. चौथी धारा कल्याणाची. रूथ हॅरिसन यांच्या १९६४ च्या पुस्तकानंतर ब्रिटनमध्ये ब्रँबेल समिती बसली आणि त्यातून पुढे भूक-तहान, गैरसोय, वेदना व आजार आणि भीती यांपासून मुक्ती व स्वाभाविक वागण्याची मोकळीक ही पाच तत्त्वं आली. भारतात प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आणि ओढीच्या जनावरांचे नियम १९६५ चे. दिवसात नऊ तासांहून अधिक काम नको, सलग पाच तासांहून अधिक नको, पारा ३७ अंशांवर असताना दुपारी बारा ते तीन जुंपायचं नाही, टोकदार आर लावलेली पराणी वापरायची नाही, असं हे नियम सांगतात. अनेक शेतकऱ्यांना ते ठाऊक नसतात. मला या चार धारांत भांडण दिसत नाही. जाणत्या जोत्याच्या हाताकडे नीट पाहिलं तर वर्तनशास्त्राचे बरेचसे नियम तिथे आधीच पाळले जात असतात. आणि जिथे परंपरा चुकते तिथे उरलेल्या तिघी तिला सावरतात.

मग हे पुस्तक आत्ताच का? कारण साखळी तुटत चालली आहे. मुंबईला गेलेल्या पिढ्यांनी गोठे रिकामे केले. पॉवर टिलर आला आणि अनेक वाड्यांत जोताची जोडी उरली नाही. आंबा-काजूच्या बागांना कुंपणं पडली आणि सुगीनंतर गुरं मोकळी सोडण्याची रीत अडचणीची झाली. मार्च २०१५ पासून राज्यात बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली, त्यामुळे म्हातारा बैल विकून त्या पैशात भर घालून नवा घेण्याचा व्यवहार अवघड झाला आणि बैल घेण्याआधी शेतकरी विचार करू लागला. २०१९ च्या पशुगणनेत देशातल्या देशी गुरांची संख्या २०१२ च्या तुलनेत सुमारे सहा टक्क्यांनी घटलेली दिसली. २०२२ मध्ये गुरांमध्ये लम्पी त्वचारोगाची मोठी साथ आली. शेळ्यांच्या देवीची लस गुरांना टोचून ती साथ रोखावी लागली. ज्यांची जनावरं हाताळायला सरावलेली होती त्यांना लसीकरण सोपं गेलं. ज्यांची गुरं माणसाला बुजत होती त्यांना ती धरतानाच निम्मा दिवस गेला.

त्याच वेळी उलट्या दिशेच्या खुणाही आहेत. पावसाळ्यात संगमेश्वर, लांजा, चिपळूण, रत्नागिरी तालुक्यांतल्या गावांत नांगरणी स्पर्धा भरतात. गावठी आणि घाटी बैलांचे वेगळे गट असतात आणि तरुण मुलं जोड्या पाळतात. १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींसंबंधीच्या राज्यांच्या कायदादुरुस्त्या वैध ठरवल्यावर या हौसेला जोर आला. या हौसेकडे मी आशेने पाहतो, मात्र एका अटीवर: वेगासाठी जनावराला दुखवणारी प्रत्येक पद्धत तिथून जायला हवी, आणि चिखलात सरळ तास धरणाऱ्या, शांत राहणाऱ्या जोडीचा मान वाढायला हवा. दुसरीकडे शेणखताला हापूसच्या बागांत मागणी आहे, गावठी अंडी आणि बोकड यांना भाव आहे, आणि शहर सोडून गावच्या जमिनीकडे परतणारी कुटुंबं आहेत. त्यांच्याकडे उत्साह असतो, शिकवणारं माणूस नसतं. लहान खाचरात बैलजोडी अजूनही फायद्याची ठरू शकते, पण त्यासाठी ती शिकलेली हवी आणि हाकणाराही शिकलेला हवा.

हे पुस्तक त्या वाचकासाठी आहे. ज्याच्याकडे एक-दोन एकर जमीन आहे, मोजकी जनावरं आहेत आणि प्रत्येकाला नावाने ओळखण्याइतका वेळ देण्याची तयारी आहे, त्याला समोर धरून ते लिहिलं आहे. त्याची मांडणी जनावराच्या वयाप्रमाणे आणि शेतीच्या ऋतूप्रमाणे आहे, कारण गोठ्यात प्रश्न त्याच क्रमाने येतात. प्रत्येक धड्यात काय करावं याबरोबर ते का चालतं आणि कुठे थांबावं हेही दिलं आहे. जिथे जुनी पद्धत जनावराला इजा करते तिथे तसं स्पष्ट म्हटलं आहे आणि पर्याय दिला आहे. औषधोपचाराची पूर्ण माहिती इथे मिळणार नाही. जनावर आजारी असेल तर शिकवणं थांबवून पशुवैद्य गाठावा, आणि अचानक बिघडलेलं वागणं हे बहुधा दुखण्याचं लक्षण असतं, एवढं मात्र आग्रहाने सांगितलं आहे. मोठ्या डेअरीला किंवा व्यापारी पोल्ट्रीला या पुस्तकाचा उपयोग मर्यादित आहे. शंभर जनावरांच्या गोठ्याचे प्रश्न वेगळे आणि त्यांचं शास्त्रही वेगळं.

यातलं पुष्कळसं ज्ञान मंडणगडपासून राजापूरपर्यंतच्या वाड्यांतल्या वयस्क शेतकऱ्यांचं, धार काढणाऱ्या बायांचं आणि गुरं राखत मोठ्या झालेल्या माणसांचं आहे. त्यांनी ते मागितल्यावर मोकळ्या मनाने दिलं, मी ते जुळवलं आणि शास्त्राशी ताडून पाहिलं. वाचकांकडे एकच मागणं आहे. तुमच्या वाडीत जोत धरलेलं म्हातारं माणूस असेल तर येत्या पावसाआधी त्याच्याकडे जा. तिथल्या हाका, खुणा, पाडा निवडण्याचे निकष लिहून घ्या आणि या पुस्तकाच्या शेजारी ठेवा. दोन्हींत फरक आढळला तर आधी जनावराकडे पाहा. जे केल्यावर ते निवांत उभं राहतं, खातं, रवंथ करतं आणि दुसऱ्या दिवशी आपणहून जवळ येतं, ती रीत धरा. बाकीची, मग ती या पुस्तकातली का असेना, सोडून द्या.